जुन्या पीसीचा बोर्ड ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर बंद घरात पडलेला जुना ३८६ किंवा ४८६ (प्रोसेसरच्या नावाने ओळखला जाणारा पीसी) बाहेर काढला, की पहिली चूक होते ती थेट बटण दाबण्याची. आधी झाकण उघडा. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत चिपचे पाय काळे पडतात आणि स्लॉटमध्ये कुंभारमाशीचं मातीचं घरही सापडतं. कोरड्या ब्रशने ते साफ केल्याशिवाय वीज देऊ नका.

मग कीबोर्डच्या सॉकेटजवळ बघा. तिथे बहुधा ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि ती गळलेली असण्याचीच शक्यता जास्त. हिरवट-पांढरी पूड दिसली की लोक ॲसिड समजून खाण्याचा सोडा लावतात. गळलेलं द्रव्य अल्कली असतं, सोड्याने काहीच साधत नाही. बॅटरी कापून काढा, कापसाने पांढरं व्हिनेगर लावा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या. नंतर कीबोर्ड कंट्रोलरकडे जाणारा एकेक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, मल्टीमीटरच्या बीपवर तपासा. हिरव्या लेपाखाली तांबं खाल्लेलं असतं. ट्रॅक अखंड दिसतो, पण मीटर वाजत नाही. तिथे बारीक तार जोडली की ‘मेलेले’ कितीतरी बोर्ड उठतात.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला येणारे दोन कनेक्टर लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये, शेजारी-शेजारी आल्याच पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड खरोखरच जळतो.

पंखा हिसका देऊन थांबला तर लगेच सप्लाय बदलू नका. १९८१ च्या आयबीएम पीसीत आणि त्या काळच्या बोर्डांवर १२ व्होल्टच्या लाइनवरचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट होतो, त्यामुळे सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. कनेक्टर काढून बोर्डाच्या बाजूने १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर दोषी सापडला.

पंखा फिरतोय, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये आहेत, तरी बोर्ड गप्प? बहुतेक जण इथेच हार मानतात आणि पॉवर गुड, म्हणजे ‘वीज ठीक आहे’ हा सप्लायचा संकेत, मोजायचं राहून जातं. ही लाइन पहिल्या (P8) कनेक्टरच्या १ नंबरच्या पिनवर असते. तिथे ५ व्होल्ट आले नाहीत, तर प्रोसेसर रिसेटमध्येच अडकून राहतो. मोजताना सप्लाय मोकळा ठेवू नका, एखादी जुनी हार्डडिस्क लोड म्हणून जोडा.

रॅम आणि सॉकेटमधल्या चिप काढून पुन्हा बसवा, बाकीची कार्डं बाहेर ठेवा, बीप ऐकू यावी म्हणून स्पीकर मात्र जोडलेला हवा. २८६ आणि त्यानंतरच्या बोर्डांवर पोस्ट कार्ड, म्हणजे सुरुवातीच्या तपासणीचे कोड दाखवणारं कार्ड, लावता येतं. त्यावर एकही कोड उमटला नाही, तर बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) चिप काढून चिप-प्रोग्रामर या उपकरणावर वाचून बघा.