मालवाघीण कुठल्या कारखान्यात बनली, हे लोखंडावरून कसं शोधायचं

जालना, परभणी, नांदेड किंवा लातूरच्या मालधक्क्यावर उभ्या असलेल्या वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, दोन प्रकारची अक्षरं असतात. काही रंगवलेली, काही लोखंडात ओतलेली किंवा ठोकलेली. वर्कशॉपमध्ये मोठी दुरुस्ती झाली की रंगवलेली अक्षरं नव्याने काढली जातात, आणि तिथे एखादा आकडा चुकू शकतो. ओतलेलं अक्षर तसंच राहतं. म्हणून आधी लोखंड वाचा, मग रंग.

त्याआधी परवानगीचं बघा. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. स्टेशन मास्तर किंवा मालधक्क्याच्या गुड्स क्लार्कला भेटून काम सांगा आणि त्यांचा माणूस सोबत घ्या. उभ्या वाघिणीखाली वाकू नका. दुसऱ्या टोकाला इंजिन लागलं की धक्का कोणतीही सूचना न देता येतो. वाघिणीवर चढूही नका. विजेच्या मार्गावर वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि अंगाला तार लागायला हवी असं नाही, जवळ गेलं तरी झटका बसतो.

चालू वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात: १० ते २९ उघडी, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाकी, ५५ ते ६९ सपाट, ७० ते ७९ हॉपर (खालून माल सोडणारी), ८० ते ८४ खोलगट, ८५ ते ८९ गार्डचा डबा. परळीच्या औष्णिक केंद्रासाठी कोळसा आणणाऱ्या वाघिणी उघड्या किंवा हॉपर गटातल्या. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या टाक्या चाळिशीच्या गटातल्या. पुढचे दोन आकडे मालक रेल्वेचे: ०१ मध्य रेल्वे, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार आकडे त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळणीचा.

या शेवटच्या आकड्याचा उपयोग फार कमी लोक करतात. चुकीचा नंबर जागच्या जागी पकडायला याच्याइतकं सोपं साधन नाही. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा आकडा यांची बेरीज करून तिला तीनने गुणा. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा यांची बेरीज त्यात मिळवा. आलेल्या संख्येला पुढच्या दहाच्या पाढ्यात नेण्यासाठी जेवढे मिळवावे लागतील, तो शेवटचा आकडा. समजा पहिले दहा आकडे १००९०८१२३४ आहेत. सम जागांची बेरीज ०+९+८+२+४ म्हणजे २३, तिप्पट ६९. विषम जागांची १+०+०+१+३ म्हणजे ५. एकूण ७४, ऐंशीला सहा कमी. म्हणजे पूर्ण नंबर १००९०८१२३४६ हवा. हा नमुन्यासाठी घेतलेला नंबर आहे, पण तो वाचता येतो: उघडी वाघीण, मालक दक्षिण मध्य रेल्वे, बांधणी २००८.

पुसट झालेला ३ तुम्ही ८ वाचलात, तर हिशेब जुळणार नाही आणि चूक लगेच कळेल. एकच आकडा चुकला असेल तर ही रीत तो नेहमी पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर मात्र एक पळवाट राहते. त्या दोन आकड्यांत पाचचा फरक असेल, जसे २७ च्या जागी ७२, तर हिशेब तरीही जुळतो. त्यामुळे नंबर दोन्ही बाजूंचा लिहून घ्या.

इथे नवखी माणसं घसरतात. मालक रेल्वे म्हणजे बनवणारा नव्हे. वाघिणी देशभर फिरतात. जालन्याच्या धक्क्यावर मालकाच्या जागी ०९ दिसलं, म्हणून ती मराठवाड्याच्या आसपास बनली असं होत नाही. बनवणाऱ्याचं नाव पाटीवर शोधा. ही पाटी बहुधा खालच्या सांगाड्याच्या लांब तुळईवर असते. पाटी नसेल तर बोगीच्या (म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्याच्या) ओतीव बाजू आणि दोन डबे जोडणाऱ्या मधल्या कपलिंगचं डोकं पाहा. तिथे कारखान्याची अक्षरं, साल आणि अनुक्रम ओतलेले असतात. पण ते साल त्या भागाचंच. वर्कशॉपमध्ये बोग्या अदलाबदल होतात. बोगीवर २०११ आणि नंबरात ०८ असेल, तर वाघीण २००८ चीच, बोगी नंतर आलेली. सगळे भाग एकाच सालाचे निघाले तरच निर्धास्त व्हा.

वजनाचे आकडेही नोंदवा. साध्या बॉक्सएन या उघड्या वाघिणीचं रिकामं वजन २२.४७ टन आणि भार ५८.८१ टन, मिळून ८१.२८ टन, म्हणजे चार धुऱ्यांवर प्रत्येकी २०.३२. बेरीज भलतीच निघाली तर रंगाऱ्याने दुसऱ्या प्रकारच्या वाघिणीचे आकडे काढले असण्याची शक्यता आहे.

जुन्या, सेवेतून बाद झालेल्या वाघिणीचं काम जास्त रसाचं आहे. मराठवाड्यात त्याचा धागा सरळ इंग्लंडपर्यंत जातो. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ७६२ मिलिमीटर गेजची ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखली. प्रत्येक धुऱ्यावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, हा त्याचा नियम. तो पाळताना माल जास्त न्यायचा तर डबा स्वतः हलका हवा. म्हणून त्याने लीड्स शहरातल्या लीड्स फोर्ज कंपनीचे दाबून घडवलेल्या पोलादाचे सांगाडे घेतले. सॅमसन फॉक्सची ही कंपनी तापवलेला पत्रा हायड्रॉलिक दाबयंत्रात वाकवून तुळई एकाच तुकड्यातून काढत असे. ओळखायची खूण: तुळईच्या कडा गोलाईने वळलेल्या आणि कोपऱ्यावर कोनपट्टी जोडलेली नाही. त्या काळातल्या इतर सांगाड्यांत पट्ट्या आणि कोनपट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या दिसतात. ही हलकी, मजबूत बांधणी लातूरच्या मातीवरून धावली, याची नोंद आपल्या भागात व्हायला हवी.

गेज मोजताना चाकांमधलं अंतर मोजून फसू नका. गेज म्हणजे रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर: ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००, बार्शी लाइट ७६२ मिलिमीटर. चाकांच्या एकमेकांसमोरच्या आतल्या बाजूंमधलं अंतर त्याहून कमी असतं. ब्रॉडगेजला ते १६०० भरतं.

पाटीवर इंग्लंडच्या कारखान्याचं नाव मिळालं आणि साल झिजलेलं असलं, तर नावावरूनच काळ बांधता येतो. या कंपन्या वारंवार एकमेकींत विलीन झाल्या, हे आपल्या कामाचं. लँकेस्टर गावातला कारखाना १८६३ चा. १९०२ मध्ये तो मँचेस्टरची अ‍ॅशबरी, ओल्डबरी आणि बर्मिंगहॅमच्या ब्राउन मार्शल्स व मेट्रोपॉलिटन यांच्यासोबत एका मोठ्या कंपनीत गेला आणि १९०८ मध्ये बंद पडला. म्हणून पाटीवर लँकेस्टरच्या स्वतंत्र कंपनीचं नाव असेल तर वाघीण १९०२ च्या आधीची. ‘मेट्रोपॉलिटन अमाल्गमेटेड’ असेल तर १९०२ ते १९१२, कारण त्यानंतर नाव पुन्हा बदललं. लीड्स फोर्ज १९२३ मध्ये कॅमेल लेअर्डकडे गेली, तर ‘मेट्रोपॉलिटन-कॅमेल’ हे नाव १९२९ पासूनचं. भारतीय नावांतही असंच. ‘इंडियन स्टँडर्ड वॅगन’ ही बर्नपूरची कंपनी १९१८ ची. ‘बर्न स्टँडर्ड’ असं जोडनाव दिसलं तर पाटी १९७६ किंवा नंतरची.

धक्क्याच्या छपराला किंवा कुंपणाला उभे केलेले जुने रूळही वाचा, पण वेगळ्या पानावर. त्यांच्या मधल्या पट्टीवर गिरणीचं नाव आणि साल लाटताना उमटवलेलं असतं, अनेकदा महिनाही रोमन आकड्यात. ते साल रुळाचं. त्यावरून वाघिणीचं वय काढणारे पुष्कळ आहेत.

पाटी स्वच्छ करताना नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरे. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि अ‍ॅसिड टाळा, कारण ठोकलेल्या अक्षराची खोली मुळातच कमी असते आणि घासलं की तीच आधी जाते. टॉर्च समोरून न धरता बाजूने, पाटीला जवळपास टेकवून धरा. उठावाची सावली पडते आणि न दिसणारं अक्षर दिसतं. ठसा घ्यायचा तर पातळ कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा आणि मेणाचा खडू आडवा धरून एकाच दिशेने फिरवा. कागद मध्येच सरकला तर ३ आणि ८ पुन्हा सारखे दिसतील. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि पाटी कोणत्या बाजूला, कोणत्या टोकापासून किती अंतरावर आहे ते लिहा.

वाघीण मोडीत निघाली असेल तर वेळ कमी असतो. लिलावातून सुटलेलं लोखंड जालन्याच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी वितळतं आणि पाटी त्यातच जाते. अशा वेळी फोटो आणि ठसा घेऊन थांबा. पाटी उचलून घरी आणू नका. ती कायदेशीर मार्गाने मिळाल्याचा पुरावा नसताना जवळ सापडली, तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पाटी जपायचीच असेल, तर विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला ठशाची प्रत जोडून लेखी अर्ज करा आणि भंगाराचा लिलाव होण्याआधी तो पोहोचेल असं पाहा.