रॉ फोटो काढायला लागलात? एडिटिंगचं सॉफ्टवेअर असं निवडा

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘जेपेग’ऐवजी ‘रॉ’ निवडायला दहा सेकंद पुरतात. पंचाईत होते ती फोटो कॉम्प्युटरवर घेतल्यावर. फाइल एकतर उघडतच नाही, नाहीतर उघडते ती फिकी, मरगळलेली. कॅमेऱ्यावर तर झकास दिसत होती!

तुमचं काही चुकलेलं नाही. कॅमेऱ्यावर दिसतो तो रॉ फाइलच्या पोटात ठेवलेला जेपेग. त्यावर कॅमेऱ्याने रंग आणि कॉन्ट्रास्ट आधीच चढवलेले असतात. बाकी रॉमध्ये असतात ती फक्त सेन्सरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपने, घेतलेली मोजमापं. बहुतेक सेन्सरवर एक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून ठरवायचं काम सॉफ्टवेअरचं. म्हणून एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हेची दिसते.

पायरी १: लगेच पैसे घालवू नका

पहिला महिनाभर कॅमेरा ‘रॉ + जेपेग’वर ठेवा. कार्ड लवकर भरेल, पण घाईच्या वेळी जेपेग हाताशी राहील आणि तुलनेलाही उपयोगी पडेल. तोवर कॅमेरा कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर वापरा: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. त्यांचा वेग आणि मांडणी अनेकांना आवडत नाही, मलाही नाही. पण कॅमेऱ्यातले रंग जसेच्या तसे हवे असतील तर सुरुवात इथूनच करावी.

पायरी २: तुमचा कॅमेरा सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का?

प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी: निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची सीआर२ किंवा सीआर३. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. नवा कॅमेरा बाजारात आला की सॉफ्टवेअरला त्याची ओळख नंतरच्या अपडेटमध्ये मिळते. मी एकदा कॅमेरा बदलला आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने नव्या फाइल ओळखायलाच नकार दिला. अशा वेळी ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर बऱ्याचदा कामी येतो; तो रॉ फाइल डीएनजी या २००४ पासूनच्या खुल्या स्वरूपात बदलून देतो.

पायरी ३: पाच अवघड फोटो घेऊन बसा

ही पायरी गाळू नका. जाहिरातीतले फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सुंदरच दिसतात. तुमच्याच फोटोंतले पाच काढा: मागे लख्ख खिडकी असलेला, रात्री आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) खूप वाढवून घेतलेला, दोन प्रकारच्या दिव्यांतला चेहरा, पानं किंवा पिसं असा बारीक तपशील असलेला, आणि एक अगदी साधा.

मग दोन-तीन सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या उतरवा (नावं पायरी ४ मध्ये आहेत). प्रीसेटला, म्हणजे एका क्लिकवर लागणाऱ्या तयार सेटिंगला, हात न लावता फक्त व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), एक्स्पोजर (एकूण उजेड), हायलाइट (उजळ भाग) आणि शॅडो (गडद भाग) हलवा. खिडकीबाहेरचं आभाळ परत येतं का? सावली उजळल्यावर तिथे रंगीत ठिपके उठतात का? १०० टक्के झूम करून पिसं पाहा. नॉइज, म्हणजे हे ठिपके, घालवताना ती मेणासारखी गुळगुळीत झाली, तर ते सॉफ्टवेअर पक्ष्यांच्या फोटोंसाठी नको. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पातळ्या मिळतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. ही जादाची माहिती कोण नीट वापरतं, ते इथेच कळतं.

साध्या फोटोला मात्र घड्याळ लावा. शंभर फोटोंतले नव्वद तसेच असतात आणि तुमचा वेळ तेच खाणार आहेत.

पायरी ४: सोडून जाताना काय उरेल?

रॉ एडिटिंगमध्ये मूळ फाइल बदलत नाही. ‘एक्स्पोजर इतकं, कातरकाम असं’ एवढ्या सूचना कॅटलॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) किंवा फोटोशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये साठतात. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर तारांकनं आणि कीवर्ड बहुतेक सोबत येतात, पण रंगांवरची मेहनत येत नाही, कारण एकाच्या स्लायडरचं गणित दुसऱ्याला कळत नाही. म्हणून किमतीइतकंच हेही तपासा.

ॲडोबीचं लाइटरूम शिकायला सोपं, पण ते सबस्क्रिप्शनवर चालतं. त्याच्या लाइटरूम क्लासिक या आवृत्तीचं सबस्क्रिप्शन थांबवलं तरी कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात. एडिटिंगचा डेव्हलप आणि नकाशाचा मॅप हे विभाग मात्र बंद होतात. डीएक्सओ फोटोलॅब एकदाच पैसे भरून घेता येतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आणि खुल्या स्रोताची आहेत. डार्कटेबलची ताकद मोठी, पण पहिल्या आठवड्यात ते डोकं खातं. एकाच कामासाठी तीन-तीन मॉड्यूल (साधनं) दिसली की हात थबकतो. चिकाटी असेल तर जरूर घ्या. गिंप हे मोफत फोटो एडिटर आधीच वापरत असाल, तर लक्षात ठेवा की ते रॉ स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारखं सॉफ्टवेअर सोबत लागतंच.

पायरी ५: एकच घ्या आणि टिका

निवडल्यावर निदान सहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका. कॅटलॉगचा बॅकअप मूळ फोटोंपेक्षा वेगळ्या डिस्कवर ठेवा. मनासारखे जमलेले फोटो १६ बिटच्या टिफ या फाइलप्रकारात एक्स्पोर्ट करून साठवा. पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी ते कुठेही उघडतील.