हॉटस्पॉटचा माग नकाशावर कसा काढावा: हवाईपासून सह्याद्रीपर्यंत

भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमांपासून दूर, खालच्या उष्णतेच्या स्रोतावर (हॉटस्पॉटवर) ज्वालामुखी कसे निर्माण होतात, हे नकाशावर स्वतः ताडून पाहिले की चांगले उमगते. त्यासाठी समुद्रतळाचे उंचवटे दाखवणारा जगाचा नकाशा, मोजपट्टी आणि बेटांवरील खडकांची वये एवढे साहित्य पुरते.

सुरुवात हवाई बेटांपासून करावी, कारण ती पॅसिफिक भूपट्टाच्या अंतर्भागात असून सर्वांत जवळची भूपट्टसीमाही त्यांच्यापासून ३,००० किलोमीटरांहून दूर आहे. मात्र केवळ अंतरावर विसंबू नये. खरा पुरावा वयांच्या क्रमात असतो. आग्नेय टोकाचा किलाउएआ आजही जागृत आहे आणि तेथून वायव्येकडे जावे तसतशी बेटे जुनी होत जातात. काउआई बेटावरील सर्वांत जुने खडक सुमारे ५० लाख वर्षांचे आहेत. किलाउएआ ते काउआई हे अंतर साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे ५ कोटी सेंटिमीटर. त्याला ५० लाखांनी भागले की भूपट्टाचा सरासरी वेग वर्षाला १० सेंटिमीटर येतो. उष्णतेचा स्रोत खाली जागीच राहतो आणि वरचा भूपट्ट सरकत जातो, ही कल्पना जे. टूझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. प्रावरणाच्या (कवचाखालील जाड थराच्या) खोल भागातून तप्त स्तंभ वर येतो, ही जोड डब्ल्यू. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये दिली.

हा स्तंभ वितळलेल्या शिलारसाचा नसतो, हे येथे नीट लक्षात घ्यावे. तो भोवतालच्या खडकापेक्षा अधिक तापलेला, पण घनच असलेला खडक असतो आणि अत्यंत सावकाश वर सरकतो. भूपट्टाच्या तळाशी पोहोचेपर्यंत त्याच्यावरील दाब इतका घटतो की, तापमान न वाढताही त्यातील थोडा भाग वितळतो; हा शिलारस हलका असल्याने भेगांतून वर चढतो आणि बेसाल्ट या काळ्या खडकाच्या रूपाने बाहेर पडतो. भूपट्टासोबत ज्वालामुखी पुढे सरकला की त्याचा पुरवठा तुटतो आणि मागे नवा ज्वालामुखी उभा राहू लागतो.

आता हिंदी महासागराकडे वळावे. येथील माग अधिक अवघड आहे, पण आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. रेयुनियाँ बेटावरील जागृत पितों द ला फुर्नेझवर पहिली खूण करावी. दुसरी खूण मॉरिशसवर येते. त्यापुढे मॅस्करीन पठार, चागोस, मालदीव आणि लक्षद्वीप अशा खुणा करत महाराष्ट्रापर्यंत यावे. वये याच क्रमाने वाढत जातात आणि दख्खनच्या बेसाल्टपाशी सुमारे ६.६ कोटी वर्षांवर पोहोचतात. मॅस्करीन पठार आणि चागोस यांच्यामध्ये रेषा तुटलेली दिसली तरी गोंधळू नये. मध्य हिंदी महासागरातील कटक (समुद्रतळावरील पर्वतरांग, जेथे दोन भूपट्ट दूर सरकतात) या हॉटस्पॉटवरून सरकले आणि पुढे तेथे नवा समुद्रतळ तयार होत गेल्याने मागाचे दोन तुकडे झाले.

याचा पुरावा सह्याद्रीच्या घाटातही वाचता येतो. काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. दोन उद्रेकांमधल्या खंडात खालचा थर झिजून ती माती बनली. त्याहून बोलका पुरावा डोळ्यांना दिसत नाही: या खडकांत गोठलेल्या चुंबकीय दिशेवरून ते थंड झाले तेव्हा हा भूभाग दक्षिण गोलार्धात होता, हे सिद्ध होते.

रेषा ओढताना हॉटस्पॉट पूर्णपणे स्थिर मानू नये. हवाईच्या साखळीला सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या ठिकाणी मोठे वळण आहे आणि त्याहून जुन्या समुद्री पर्वतांच्या चुंबकीय अभ्यासावरून त्या काळी हॉटस्पॉटही दक्षिणेकडे सरकत होता, असे दिसून आले आहे. तसेच अंदमान समुद्रातील बॅरन बेटाचा जागृत ज्वालामुखी या नकाशात घेऊ नये, कारण एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असलेल्या सीमेमुळे तो निर्माण झाला आहे.