स्मिता पाटीलचा वाढदिवस कसा करावा

तारीख १७ ऑक्टोबरच धरा, १३ डिसेंबर नको. पुण्यतिथीला जमलेली माणसं "एकतिशीत गेली हो बिचारी" इथून सुरुवात करतात आणि तिचं लग्न नि बाळंतपण यांच्यापलीकडे गाडी सरकतच नाही. ती बिचारी कधीच नव्हती. ऑक्टोबरात दिवाळीची झाडझूड चालू असते, म्हणून वेळ संध्याकाळी सातची ठेवा.

मी धुळ्याची. तिचे वडील शिवाजीराव शिरपूरचे, त्यामुळे ती पुण्यात वाढलेली असली तरी कॉलेजात आम्ही तिला आपल्याकडचीच म्हणायचो. मुंबई दूरदर्शनवर ती जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचते, असं कानावर आलं, तेव्हा होस्टेलातल्या एकीने भावाच्या पँटवर साडी नेसून पाहिली. जीन्स होती कुणाकडे!

तर, कार्यक्रम. हार घातलेला फोटो, दीपप्रज्वलन, मनोगतं यांना फाटा द्या. एकच सिनेमा लावा, पण अख्खा. मोबाइलवरचे गाण्यांचे तुकडे म्हणजे आठवण नव्हे.

पहिल्या वर्षी 'उंबरठा' (१९८२). जब्बार पटेलांचा, पटकथा तेंडुलकरांची. घरात सासू, नवरा, लहान मुलगी, सगळं असताना सुलभा महाजन महिलाश्रमाची नोकरी धरून परगावी जाते. मंडळींना 'सुन्या सुन्या मैफिलीत' पाठ असतं, सिनेमा मात्र अर्धवट आठवत असतो. दुसऱ्या वर्षी 'जैत रे जैत', ठाकर आदिवासींच्या वस्तीतली चिंधी बघायला. 'भूमिका' त्यानंतर. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा हा सिनेमा सलग दमाने बघायचा आहे, जेवणं उरकून बसा. राष्ट्रीय पुरस्कार तिला याच्यासाठी मिळाला आणि पुढे 'चक्र'साठीही. कुणीतरी 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं लावा म्हणेलच. लावा की. तीही तिनेच केलेली कामं आहेत, सोवळं कशाला?

'मिर्च मसाला' असेल त्या दिवशी उशिरा येणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा, कारण सुरुवात चुकवण्यासारखी नाही. सुभेदाराचे घोडे पाणवठ्यावर येतात, बाकीच्या बाया पळतात आणि सोनबाई तिथेच उभी राहते. जनावरांनी पलीकडे प्यावं, इथे माणसं पाणी भरतात, असं त्यालाच ऐकवते. आवाज चढलेला नाही. घाबरली आहे, ते डोळ्यांत दिसतं, आणि तरी नजर खाली जात नाही. शेवटी हातात विळा घेऊन उभी राहणारी सोनबाई इथेच तयार झालेली आहे. हा सिनेमा लागला १९८७ साली, ती गेल्यानंतर.

जागेचं म्हणाल तर सोसायटीचा हॉल किंवा वाचनालय पुरे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. पडदा नसेल तर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुती राहिली की ती नेमकी तिच्या चेहऱ्यावर येते. जिन्यातली ट्यूबलाइट मात्र बंद करायलाच हवी. जुन्या प्रती काळपट असतात, त्यात तिचा सावळा चेहरा. उजेड आला की तिची नजर दिसत नाही आणि मग उरतं काय? स्पीकर पडद्याच्या बाजूला, मागे नाही.

मध्यंतरात चहा देऊ नका, कपांच्या आवाजात सिनेमा मरतो. चहा शेवटी, चर्चेबरोबर. चर्चेला "कसा वाटला" असं विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर येईल. थेट हात वर करायला लावा: सुलभा घर सोडून गेली, बरोबर केलं का? आमच्याकडे सासवा आणि सुना अपेक्षेच्या उलट बाजूंना बसल्या होत्या. भांडणं होऊ द्या, मिटवायला जाऊ नका.

आणि त्या रात्रीचा चहा पुरुषांनी करायचा, हे आमंत्रणातच लिहा. आलं घालायचं विसरतात, पण चालवून घ्यायचं.