किल्लीच्या साखळीतील स्वस्त मल्टिटूल: या चुका टाळा

शंभर-दीडशे रुपयांत मिळणारे, किल्लीच्या साखळीला अडकवायचे छोटे मल्टिटूल घ्यावे का, असा प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, हत्यारांशी रोज संबंध येणाऱ्या माझ्यासारख्याला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर असे, की पार्सल उघडण्यासाठी, सुतळी कापण्यासाठी किंवा रिमोटच्या झाकणाचा बारीक स्क्रू काढण्यासाठी अवश्य घ्यावे. गाडीच्या दुरुस्तीसाठी मात्र घेऊ नये. वस्तू स्वस्त आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. ज्या कामासाठी ती घडवलेलीच नाही, त्या कामाला जुंपल्यामुळे ती वाईट ठरते.

पहिली चूक म्हणजे डबीवर छापलेली कामे मोजून निवड करणे. या मोजणीत साखळीची कडी, बाटली उघडायची खाच आणि एकाच पत्र्याची कमी-जास्त रुंदीची तीन टोके हीसुद्धा स्वतंत्र कामे म्हणून धरलेली असतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या ५८ मिलिमीटर लांबीच्या ‘क्लासिक’ चाकूत पाते, कात्री, टोकाला स्क्रू ड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणे एवढेच असते, पक्कड नसतेच. इतक्या लहान आकारात कोणते हत्यार नीट बसते, याचा विचार करून बाकीची वगळली, की वस्तू बरी होते. त्यामुळे जेवढी कामे जास्त लिहिलेली, तेवढा माझा संशय जास्त.

दुसरी चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आमच्या गल्लीतील एक महाविद्यालयीन मुलगा मित्रांसह पन्हाळ्याला निघाला होता. आदल्या संध्याकाळी त्याने पुढच्या डिस्क ब्रेकचे ऑइल तपासण्यासाठी त्या ऑइलच्या डबीच्या झाकणाचे स्टार स्क्रू (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे) अशाच स्वस्त मल्टिटूलने फिरवायला घेतले. हे स्क्रू मऊ असतात, वर्षानुवर्षे उघडलेले नसल्यामुळे धरून बसतात, आणि अनेक गाड्यांवर त्यांची खाच जपानी मापाची असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक टिंब दिसते. पत्र्यातून कापलेले चपटे टोक या खाचेच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. टोक निसटले, मुलाने जोर वाढवला, खाच गोल झाली. मग त्याने मल्टिटूलचीच पक्कड लावली आणि तिच्या सांध्याची रिव्हेट वाकून दोन्ही जबडे एकमेकांवर चढले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी पाहून एवढेच विचारले, “अरे, पक्कडीनं काय पकडत हुतास? स्क्रूचं डोकं झाकणात बुडालंय की!” डोकी ड्रिलने उडवावी लागली आणि लोखंडाचा कीस ऑइलमध्ये पडू नये म्हणून सगळे जपून करावे लागल्याने वेळही बराच गेला. नवे झाकण, स्क्रू आणि मजुरी यांच्या खर्चात चांगल्या स्क्रू ड्रायव्हरांचा संच आला असता.

माझी सवय अशी आहे, की टोक खाचेत बसवल्यावर आधी ते आडवे हलवून पाहायचे. डुगडुगले, तर फिरवायचेच नाही. घट्ट स्क्रूवर योग्य मापाचा, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर ठेवून मागून हलका ठोका देतो आणि मगच फिरवतो. यास दोन मिनिटे जास्त लागतात, पण व्हिडिओ पाहून थेट गाडीवर शिकणाऱ्यांना नेमकी तीच दोन मिनिटे जड जातात.

चुंबक लावून पोलादाची पारख करणे ही तिसरी चूक आहे. भांड्यांच्या दुकानात चुंबक न चिकटणे ही चांगली खूण मानतात, आणि तोच नियम लोक पात्याला लावतात. भांड्यांच्या ३०४ जातीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; त्याला चुंबक फारसे धरत नाही, पण पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) ते कडकही करता येत नाही. पात्यासाठी वापरले जाणारे ४२० जातीचे, सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद पाणी देऊन कडक होते आणि त्याला चुंबक चिकटतेच. अर्थात मुलामा दिलेल्या साध्या लोखंडालाही ते चिकटते, त्यामुळे या परीक्षेतून कडकपणा कळत नाही. त्याऐवजी पात्याच्या बुडाशी जुनी बारीक कानस हलकेच ओढावी आणि नंतर साध्या खिळ्यावर ओढून तुलना करावी. दोन्हीकडे सारखीच रुतली, तर पाते कच्चे आहे. दुकानात कानस चालवू देणार नाहीत. तेथे पक्कडीचे जबडे मिटून, फट दिसते का ते पाहण्यासाठी उजेडासमोर धरावेत आणि दांड्या आडव्या हलवून सांध्यात किती खेळ आहे ते पाहावे. हे करू न देणाऱ्या दुकानदाराकडून मी वस्तू घेत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. दांड्यांवरील रंगीत प्लास्टिक विजेपासून संरक्षण देते असे समजून घरच्या २३० व्होल्टच्या वायरीला हे हत्यार लावू नये. पात्याला लॉक नसेल, तर टोचण्याच्या कामासाठी ते वापरू नये, कारण ते मिटून बोटांवर येते. पावसाळ्यात ओल्या रेनकोटच्या खिशात राहिलेले मल्टिटूल पुसून त्याच्या सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानाने जायचे असल्यास ते आदल्या रात्रीच साखळीतून काढून चेक-इनच्या बॅगेत टाकावे, कारण हातातल्या सामानात पाते सापडले, तर ते तपासणीतच काढून घेतले जाते.