अलास्कातले व्हाइटफिश कसे ओळखायचे: आधी तोंड, मग नाक, शेवटी कल्ले

अलास्कातल्या युकॉन किंवा कुस्कोक्विम नदीत जाळं टाकलं की व्हाइटफिशच्या कुळातल्या तीन-चार जाती एकदमच सापडू शकतात. सगळ्या चंदेरी, आणि सामनसारखाच सगळ्यांच्या शेपटीजवळ पाठीवर छोटा मांसल पर. रंगावर विसंबू नका, लांबीवर तर मुळीच नाही.

आधी माशाचं तोंड मिटवून बाजूने बघा. तोंड मोठं, जबडा डोळ्याखालपर्यंत गेलेला आणि खालचा जबडा पुढे आलेला असेल, तर तो शीफिश, विषय संपला. तोंड लहान, पण खालचा जबडा वरच्याच्या बरोबरीने किंवा जरासा पुढे असेल तर सिस्को. तोंड नाकाडाखाली दडलेलं असेल तरच पुढच्या पायऱ्या.

सिस्को निघाला तर पोटाखालचे पर तपासा. पूर्ण वाढलेल्या लीस्ट सिस्कोचे काळपट असतात, बेरिंग आणि आर्क्टिक सिस्कोचे फिकट. या दोघांत ठिकाणाची मदत घ्या. युकॉनमधला बहुधा बेरिंग. उत्तरेला कॉल्व्हिल नदीच्या मुखाशी आर्क्टिक सिस्को मिळतो. तो जन्मतो कॅनडातल्या मॅकेन्झी नदीत आणि पिल्लू असतानाच वारा-प्रवाहाबरोबर पश्चिमेला येतो.

आता नाक. एका बाजूच्या दोन नाकछिद्रांमध्ये कातडीचा एकच पडदा असेल आणि अंग लाटण्यासारखं गोल असेल, तर राउंड व्हाइटफिश. दोन पडदे असतील तर ब्रॉड की हम्पबॅक, एवढाच प्रश्न उरतो.

इथेच लोक फसतात, कारण नावावर जाऊन कुबड शोधतात. लहान हम्पबॅकला कुबड नसतंच म्हटलं तरी चालेल. त्यापेक्षा नाकाडापासून पाठीपर्यंतची रेघ बघा: ब्रॉडची फुगीर आणि नाकाड बोथट; मोठ्या हम्पबॅकची डोळ्यामागे खोलगट होऊन मग चढणारी. तरीही शंका असेल तर कल्ल्याचं झाकण उचला. पहिल्या कमानीच्या आतल्या कडेला दाते दिसतील. ब्रॉडचे आखूड, जाडसर; हम्पबॅकचे लांब, बारीक. संख्येने मात्र निकाल लागत नाही, दोघांचेही साधारण विशीच्या आसपासच भरतात.

हम्पबॅक आणि अगदी त्याच्यासारखाच दिसणारा लेक व्हाइटफिश यांत फरक करायला हे दाते मोजायची पद्धत आहे. मोजताना दोन्ही टोकांचे बारके खुंटही धरा. लेकचे सरासरीने जास्त असतात, पण आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून एकट्यादुकट्या माशावर जात ठरवू नये. वहीत सरळ ‘हम्पबॅक गट’ लिहावं.