खटला चालू असताना पासपोर्टचं नूतनीकरण

बांधावरून भावकीत भांडण झालं आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला. निकाल लागायला अजून वर्षं जातील. तेवढ्यात पासपोर्टची मुदत संपली, लेक मस्कतला बाळंतपणाला. पोलीस पडताळणीत खटला निघाला, अर्ज अडकला.

पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६(२)(फ): फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेत सूट आहे. खटला ज्या कोर्टात, त्याच कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी आणायची, सोबत हमीपत्र द्यायचं.

इथे एक गोष्ट नीट बघा. कोर्टाच्या आदेशात पासपोर्टची मुदत लिहिलेली नसेल, प्रवासाचा कालावधीही नसेल, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून वकीलसाहेबांकडून अर्जातच 'दहा वर्षांसाठी' असं स्पष्ट लिहून घेतलं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. आदेशाची प्रमाणित नक्कल जोडली, पासपोर्ट आला.

परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलंय. आरोप झाला म्हणून तो संपत नाही. प्रत्येक प्रवासाआधी कोर्टाची परवानगी मात्र घ्यावी लागते, जामिनाच्या अटीही वाचून घ्या.